पिळलेला टी-शर्ट

ट्रेडमिलवरून उतरून काका थेट बेसिनकडे गेले. आधी वरचं चकचकीत काळं जॅकेट काढलं. मनगटाच्या इलॅस्टिकपाशी साठलेलं पाणी बाही उलटी होताना फरशीवर सांडलं. मग टी-शर्ट. भिजलेला टी-शर्ट अंगाला असा चिकटून बसतो की सोलल्यासारखा काढावा लागतो. काकांचा एक हात बराच वेळ आतच अडकून पडला होता. शेवटी सुटला, आणि त्यांनी दोन्ही हातांनी टी-शर्टाला पीळ दिला. धार लागली. शेजारी बाटली भरत उभा असलेला कॉलेजातला मुलगा म्हणाला, “काका, आज तर आंघोळच झाली तुमची!” काका धापा टाकत हसले. “घाम नाही रे हा. चरबी आहे, चरबी. वितळून बाहेर येतेय.” मग कोपऱ्यातल्या काट्यावर चढले. आल्या आल्या वजन ८२.४ किलो भरलं होतं, आता ८१.५. पन्नास मिनिटांत नऊशे ग्रॅम. मुलानं बेसिनकडे पाहिलं, काट्याकडे पाहिलं, आणि उद्या आपणही तसंच जॅकेट आणायचं हे त्याच्या चेहऱ्यावर तिथल्या तिथे ठरून गेलं.

चूक कोणाचीही होते, त्याचं एवढं काही नाही. मनात सलत राहिलं ते वेगळंच. काटा खोटं बोलत नव्हता. बेसिनमधलं पाणीही खरं होतं. दोन्ही साक्षीदार सच्चे आणि निकाल मात्र साफ चुकलेला. अशा माणसाला समजावणं फार कठीण असतं, कारण पुरावा त्याच्या हातात असतो आणि आपल्याकडे असतं नुसतं स्पष्टीकरण. त्यात भाषाही त्याच्याच बाजूनं उभी राहते. आपण घाम ‘गाळतो’, आणि कष्टाच्या पैशाला ‘घामाचा पैसा’ म्हणतो. ज्याच्या कपाळावर घाम नाही त्यानं काम केलं यावर आपला चटकन विश्वास बसत नाही. मग व्यायामातही घाम हीच पावती ठरली तर नवल कसलं?

‘वितळून’ हा शब्द मात्र थोडा उलगडून पाहावा असा आहे. त्यामागचं चित्र मेणबत्तीचं आहे: ऊब लागली, मेण पातळ झालं, ओघळलं. पोटावरची चरबी म्हणजे थिजलेलं मेण, आणि ते अंगातून पाझरवायचं तर वरून उष्णता द्यायची. पण जिवंत माणसाच्या अंगात चरबी थिजलेली नसतेच. सदतीस अंशांना ती पेशींमध्ये तेलासारखी पातळ असते. चरबीची प्रत्येक पेशी म्हणजे तेलाचा एक मोठा थेंब आणि त्याभोवती ताणलेलं पातळ आवरण. पेशीचं केंद्रक बिचारं एका कडेला दाबून बसवलेलं. त्यात वितळवण्यासारखं काही उरलेलंच नाही. आणखी गंमत अशी, की घामाच्या ग्रंथीचं वेटोळं त्वचेच्या अगदी तळाशी असतं, जिथे त्वचा संपते आणि चरबीचा थर सुरू होतो तिथेच. दोघं भिंतीला भिंत लावून राहतात, पण मध्ये दार नाही. घामाचा कच्चा माल येतो तो रक्तातून केशवाहिन्यांबाहेर झिरपलेल्या खारट पाण्यातून. चरबीच्या थेंबाला ग्रंथीच्या नळीत शिरायची वाटच नाही. (चेहरा तेलकट होतो तो तेलग्रंथींमुळे. त्या आपलं तेल स्वतःच तयार करतात. पोटावरच्या साठ्याशी त्याचा संबंध नाही.)

आता त्या धारेत होतं काय? नव्याण्णव टक्क्यांहून जास्त पाणी. उरलेल्यात बहुतेक मीठ, म्हणजे सोडियम आणि क्लोराइड, शिवाय थोडं पोटॅशियम, थोडा युरिया, थोडं लॅक्टेट. एका लिटर घामात माणसागणिक साधारण अर्धा ते दोन ग्रॅम सोडियम जातं. ग्रंथीच्या तळाशी घाम तयार होतो तेव्हा तो रक्तद्रवाइतकाच खारट असतो. नळीतून वर चढताना तिच्या भिंती मीठ परत ओढून घेतात. घाम सावकाश येत असेल तर ही वसुली नीट होते. धो धो येत असेल तर वसुलीला वेळ मिळत नाही, म्हणून जोराचा घाम डोळ्यांत जास्त झोंबतो. टी-शर्ट वाळला की त्यावर नकाशातल्या किनाऱ्यासारख्या पांढऱ्या रेघा उमटतात. ते मीठ. त्या कापडातून चरबी गेली असती तर तेलाचा डाग राहिला असता आणि तो नुसत्या पाण्यानं निघाला नसता.

घाम येतो तो अंग गार करायला. चालताना, पळताना स्नायू इंधनातल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाचवा ते चौथा हिस्सा हालचालीत उतरवू शकतात. बाकीची सगळी उष्णता होऊन बसते. ती बाहेर काढली नाही तर शरीर तापतच जाईल. त्वचेवर पसरलेलं पाणी वाफ होताना ही उष्णता घेऊन जातं, एका लिटरमागे साधारण ५८० किलोकॅलरी (बोलण्यात आपण त्यांनाच नुसतं कॅलरी म्हणतो). इथे एक सापळा आहे आणि शिकलेली माणसंही त्यात सापडतात. ‘एक लिटर घाम म्हणजे ५८० कॅलरी गेल्या, मग चरबीच गेली की!’ गेली ती उष्णता, आणि ती आधीच तयार झालेली होती. इंधन स्नायूत अगोदर जळून गेलं, घाम मागाहून राख उपसायला आला. गाडी घाटात तापते आणि रेडिएटरमधलं पाणी उकळून उडून जातं. त्या पाण्यावरून पेट्रोल किती जळलं याचा हिशेब कोणी करत नाही. आणि पेट्रोल जळून जातं ते एक्झॉस्टच्या नळीतून. हे नळीचं लक्षात ठेवायचं, पुढे लागणार आहे.

वाफ होताना, हे दोन शब्द सगळ्यात महत्त्वाचे. जो थेंब हनुवटीवरून टपकला, फरशीवर पडला, टॉवेलनं टिपला गेला, त्यानं गारवा जवळपास दिलाच नाही. कामाचा घाम तो, जो त्वचेवर येतो आणि दिसायच्या आत हवेत निघून जातो. कोरड्या हवेत तासभर पळूनही अंगाला हात लावला तर कोरडं लागतं, फक्त कानशिलावर मिठाची खरखर जाणवते. लोक म्हणतात, आज घामच आला नाही. दमट हवेत दहा मिनिटांत शर्ट चिकटतो. लोक म्हणतात, आज मस्त व्यायाम झाला. खरं तर त्या दमट दिवशी घामाची वाफ होत नव्हती म्हणून तो साचला एवढंच.

काकांचं जॅकेट म्हणजे अंगाभोवती विकत घेतलेली दमट हवा.

त्याची रीतच तशी आहे. आतून वाफ बाहेर पडू न देणारं कापड, मान-मनगट-कमरेला इलॅस्टिक. घातल्यावर थोड्याच वेळात आतली हवा वाफेनं भरून जाते, त्वचेवरचा घाम सुकायचा थांबतो, गारवा थांबतो, शरीराचं तापमान चढायला लागतं. मेंदूतलं हायपोथॅलॅमस, ज्याच्याकडे तापमानाचा कारभार असतो, ते पाहतं की घाम पाठवूनही अंग गार होत नाही. त्याला जॅकेटाबद्दल कोणी सांगितलेलं नसतं. ते आणखी घाम पाठवतं. तोही वाया जातो, मग आणखी. त्या दिवशी बाहीतून फरशीवर सांडलेलं पाणी या फसत गेलेल्या हुकमांचं होतं. पोटाला प्लास्टिकची पट्टी गुंडाळून व्यायाम करणाऱ्यांचंही तेच, फक्त छोट्या क्षेत्रात. पट्टी सोडल्यावर टेप लावला तर कंबर सेंटिमीटरभर कमी भरते, कारण कातडी दाबली गेलेली असते आणि थोडं पाणी गेलेलं असतं. काही तासांत ती पूर्ववत होते. चरबी कुठल्या जागेवरून आधी उचलायची हे संप्रेरकं आणि आनुवंशिकता ठरवतात, पट्टीला त्यात मत नाही.

मग त्या नऊशे ग्रॅमचा हिशेब मांडू या. ८२ किलोचा माणूस पन्नास मिनिटं ताशी सहा किलोमीटरच्या वेगानं चालला तर अंदाजे साडेतीनशे कॅलरी खर्च होतात. अशा मध्यम गतीत समजा निम्मी ऊर्जा चरबीतून आली आणि निम्मी साखरेतून. चरबीच्या वाट्याला आल्या १७५ कॅलरी. एका ग्रॅम चरबीत नऊ कॅलरी, म्हणजे गेली ती वीस ग्रॅमच्या आत-बाहेर. काट्यावर नऊशे ग्रॅम दिसले त्यातली चरबी एवढीच, चहाचे चार-पाच चमचे तेल. बाकी जवळजवळ सगळं पाणी, थोडं श्वासातून वाफ होऊन गेलेलं आणि बहुतेक घामाचं. तीन पेले पाणी प्यायले की ते जागेवर येतं. आणि हेच चालणं पंख्याखाली, सुती शर्टात, जॅकेटाशिवाय झालं असतं तर काट्यावर कदाचित तीनशेच ग्रॅम कमी दिसले असते. चरबी मात्र तेवढीच गेली असती, वीस ग्रॅम.

वीस ग्रॅम ऐकून कोणाचंही तोंड उतरेल. पण चरबीचा साठा आहेच तसा दाट: अंगावरच्या एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी कोंडलेल्या असतात. दुष्काळात टिकून राहायला शरीरानं केलेली ती तजवीज आहे, ती तासाभरात फुंकता आली असती तर माणूस कधीच संपला असता. आठवड्याला अर्धा किलो चरबी उतरवायची तर रोज साडेपाचशे कॅलरींची तूट लागते, आणि तिचा मोठा भाग खाण्यातूनच येतो, ट्रेडमिलवरून थोडा. नवा आहार धरल्यावर पहिल्या आठवड्यात दोन-तीन किलो झरकन उतरतात, तेही मुख्यतः पाणीच. स्नायू आणि यकृतात साठवलेलं ग्लायकोजेन (शरीराचा साखरेचा साठा) आपल्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून बसतं. ते संपलं की पाणीही सुटतं. दुसऱ्या आठवड्यात काटा अडला की लोकांना वाटतं आहार चालेनासा झाला.

पण मग ते वीस ग्रॅम गेले कुठे? हा प्रश्न फार जुना आहे. इटलीतल्या पाडुआच्या सान्तोरिओ नावाच्या वैद्यानं त्यासाठी तराजूला खुर्ची टांगली आणि वर्षानुवर्षं तिच्यात बसून खाल्लेलं, प्यालेलं, विसर्जन केलेलं आणि स्वतःला वजन करत राहिला. १६१४ मध्ये त्यानं आपली निरीक्षणं छापली. दिवसाला आठ पौंड पोटात गेलं तर त्यातलं पाच पौंड न दिसताच नाहीसं होतं, असा त्याचा हिशेब. तो त्याला न जाणवणारा घाम म्हणाला. त्यानंतर पावणेदोनशे वर्षांनी लाव्हाझिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं सेग्वीन या सहकाऱ्याला डिंक चोपडलेल्या रेशमी पिशवीत बंद केलं, फक्त तोंडापाशी फट ठेवून. पिशवीच्या आत राहील तो घाम, फटीतून जाईल तो श्वास. काकांचं जॅकेट आणि ही पिशवी यांत तसा फारसा फरक नाही. पण पिशवीवाल्यांना दोन वाटा वेगळ्या करायच्या होत्या. श्वास घेणं म्हणजे सावकाश जळणंच आहे, हे लाव्हाझिएनं ओळखलं होतं.

नेमका हिशेब मात्र अलीकडचा. २०१४ मध्ये रूबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राउन यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तो मांडला. दहा किलो चरबी पूर्ण जळली तर तिच्यातले ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन फुप्फुसांवाटे बाहेर पडतात आणि १.६ किलोचं पाणी होतं. त्यासाठी २९ किलो ऑक्सिजन आत घ्यावा लागतो. डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि व्यायाम प्रशिक्षकांना त्यांनी विचारलं होतं, चरबी जाते कुठे? बहुतेकांचं उत्तर होतं: तिची ऊर्जा होते, उष्णता होते. पण वस्तुमान असं हवेत विरत नाही. चरबीतला प्रत्येक अणू कुठेतरी गेलेला असतो. व्यायामाला सुरुवात झाली की ॲड्रिनलिन वाढतं, इन्शुलिन उतरतं, चरबीच्या पेशीतली विकरं (एन्झाइम्स) तेलाच्या रेणूचे तुकडे करतात, अल्ब्युमिन नावाचं प्रथिन ते तुकडे रक्तातून स्नायूंपर्यंत वाहून नेतं, तिथे ते ऑक्सिजनबरोबर जळतात आणि कार्बन पुन्हा रक्तातून फुप्फुसात, तिथून बाहेर. चरबीचा एक्झॉस्ट नाकात आहे. जळताना तयार झालेलं थोडं पाणी शरीरातल्या बाकी पाण्यात मिसळतं आणि त्यातलं काही लघवीतून, काही वाफेतून, काही घामातूनही जातं. घामाचा चरबीशी संबंध असेल तर तो एवढाच, आणि हे पाणी वेगळं ओळखूही येत नाही.

लगेच कोणीतरी विचारणार, मग जोरजोरात श्वास घेतला तर? नाही. तीच चूक दुसऱ्या टोकानं. बसल्या जागी भाता चालवला तर रक्तातला असलेला कार्बन डायऑक्साइड धुऊन निघतो, बोटांना मुंग्या येतात, चक्कर येते; नवीन काही जळत नाही. धूर जास्त वेगानं ओढला म्हणून चुलीत जास्त लाकूड जळत नसतं. आधी स्नायूंनी मागणी करायला हवी.

घाम आणि चरबी यांची फारकत पाहायची असेल तर उदाहरणं सगळीकडे आहेत. परीक्षेच्या खोलीत तळहात ओले होतात, पेन घसरतं, पाठीतून थंड ओघळ उतरतो. पेपर देऊन कोणी बारीक झाल्याचं ऐकिवात नाही. रजोनिवृत्तीच्या काळात बाई रात्री दोनदा गाऊन बदलते, उशी उलटी करते, खिडकी उघडते, आणि तिचं वजन बहुधा वाढतच असतं. त्या घामाला चरबी नेता येत असती तर तिच्या त्या रात्रींचा काहीतरी मोबदला तरी मिळाला असता. उलट गार पाण्यात तासभर दमदार पोहणारा माणूस चारपाचशे कॅलरी सहज खर्च करतो आणि त्याला घाम जवळपास येतच नाही. कुत्र्याच्या अंगावर असा घाम येत नाही, तो जीभ बाहेर काढून लहाकतो. धावणारा कुत्रा सडपातळच असतो. एक गोष्ट मात्र वेगळी काढून ठेवायला हवी: काही न करता वजन उतरतंय आणि रात्री अंथरूण भिजेल इतका घाम येतोय, असं होत असेल तर खूश न होता डॉक्टरांकडे जावं. थायरॉइड, क्षयरोग, लसिकाग्रंथींचे विकार यांत दोन्ही एकत्र दिसतात.

सॉनाबद्दल, म्हणजे घाम काढायला बसायच्या तापवलेल्या खोलीबद्दल, थोडक्यात. शरीराचं तापमान एका अंशानं वाढलं तर विश्रांतीतला खर्च दहा-तेरा टक्क्यांनी वाढतो. स्वस्थ बसलेला माणूस तासाला सत्तर-पंच्याहत्तर कॅलरी वापरतो, त्यावर आणखी दहा. हृदय धडधडतं त्याचेही थोडे धरू. उदार होऊन खर्च दुप्पट झाला म्हणू. वीस मिनिटांच्या बैठकीत पंचवीस कॅलरी जास्त, म्हणजे तीन ग्रॅमही चरबी नाही. घाम मात्र अर्धा किलो. अंग मोकळं होतं, झोप छान लागते, त्यासाठी बसायचं तर जरूर बसावं.

जॅकेटाचं वाईट हे, की ते निरुपयोगी असून थांबत नाही, असलेलं कामही बिघडवतं. घामाबरोबर रक्तातलं पाणी कमी होतं, दर ठोक्याला हृदयातून कमी रक्त बाहेर पडतं, ते भरून काढायला ठोके वाढतात. त्यात बरंचसं रक्त त्वचेकडे गार व्हायला वळवलेलं. म्हणून त्याच वेगाला जास्त दमायला होतं आणि माणूस चाळीस मिनिटांच्या जागी तीस मिनिटांत उतरतो. मनगटावरचं घड्याळ ठोके मोजून कॅलरी सांगतं. गर्मीनं वाढलेले ठोके ते मेहनतीचे समजतं आणि फुगवलेला आकडा दाखवतं. शिवाय तापलेले स्नायू ग्लायकोजेन जास्त ओढतात, चरबीचा वाटा उलट थोडा घटतो. चरबी काढायला जॅकेट घातलं आणि त्यानं साखर काढली! व्यायामानंतर पायाखालच्या यंत्रावर चरबीची टक्केवारी पाहणाऱ्यांनी हेही जाणावं की ते यंत्र अंगातून विजेचा सूक्ष्म प्रवाह सोडून त्याला होणाऱ्या विरोधावरून अंदाज बांधतं. तापलेल्या, ओल्या त्वचेत विरोध कमी होतो आणि टक्केवारी खोटी कमी दिसते.

घामानं वजन उतरवण्याची कला ज्यांना पोटापाण्यासाठी शिकावी लागते ते कुस्तीगीर, मुष्टियोद्धे चरबीचं नाव काढत नाहीत. त्यांना पक्कं ठाऊक असतं की आपण पाणी काढतोय, वजन झालं की परत भरायचंय. आणि तरी शरीर एका जागी अडून बसतं. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला विनेश फोगाटच्या बाबतीत काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे: रात्रभराची धडपड, कापलेले केस, आणि सकाळी काट्यावर शंभर ग्रॅम जास्त. त्या शंभर ग्रॅमांपुढे व्यायामशाळेतला नऊशेचा आनंद कसा पोरकट वाटतो. १९९७च्या नोव्हेंबर-डिसेंबरात अमेरिकेत महाविद्यालयीन तीन कुस्तीगीर साधारण महिन्याभरात दगावले. तिघंही तरुण, तिघंही स्पर्धेचं वजन गाठायला गरम जागेत, वाफ न जाऊ देणारे सूट घालून, पाणी तोडून व्यायाम करत होते. त्यानंतर तिथल्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेनं असे सूट आणि सॉना वजन उतरवण्यासाठी वापरायला बंदी घातली.

म्हणून लक्षणं माहीत हवीत. गर्मीत व्यायाम करताना अंगावर काटा येणं, थंडी वाजल्यासारखं होणं, डोकं हलकं होणं, मळमळ: थांबायचं, जॅकेट उतरवायचं, सावलीत पाय वर करून पडायचं. बोलणं असंबद्ध झालं, माणूस चिडका किंवा गोंधळलेला वाटला, पाय लटपटले, तर तो उष्माघात समजावा. आतलं तापमान चाळीसच्या वर गेलेलं असू शकतं. घाम थांबला की मगच उष्माघात, हा समज घातक आहे. व्यायामातल्या उष्माघातात अंग चिंब ओलं असू शकतं. अशा वेळी पाणी पाजायच्या खटपटीत न पडता त्याला गळ्यापर्यंत गार पाण्यात बसवणं, ते नसेल तर अंगावर सतत गार पाणी ओतून वारा घालणं, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत हे चालू ठेवणं. ज्यांना रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या किंवा बीटा-ब्लॉकर चालू आहेत त्यांना तर हा धोका आधीच जास्त, आणि काकांच्या वयाची किती माणसं या गोळ्या घेत असतील!

काट्याचा खरा उपयोग वेगळा आहे, आणि तो फार थोडे करतात. व्यायामाआधी कपड्यांशिवाय वजन घ्यायचं. तासभर व्यायाम. किती पाणी प्यायलो ते मोजायचं. नंतर अंग टॉवेलनं पुसून पुन्हा कपड्यांशिवाय वजन. ओल्या कपड्यातला घाम काट्यावरच राहतो, म्हणून कपडे नकोत. समजा ७०.० चे ६९.३ झाले आणि मध्ये अर्धा लिटर पाणी प्यायलं, तर घाम गेला १.२ लिटर. मध्ये लघवीला गेलात तर तेवढं वजा. हा तुमचा त्या हवेतला, त्या मेहनतीचा घामाचा वेग. बहुतेकांचा तासाला अर्धा ते दोन लिटरच्या दरम्यान भरतो. १९८४च्या ऑलिंपिक मॅरेथॉनच्या तयारीत अमेरिकन धावपटू अल्बर्टो सालाझारचा तासाला ३.७ लिटर भरला होता, आणि तो मुळातच काडीसारखा होता. वजन जेवढं घटलं त्याच्या सव्वा ते दीडपट पाणी पुढच्या काही तासांत हळूहळू प्यावं, सोबत नेहमीचं मीठ असलेलं खाणं. आणि व्यायामानंतर वजन वाढलेलं दिसलं तर पाणी जास्त झालं. हे हसण्यावारी न्यायचं नाही: २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी तेरा टक्क्यांच्या रक्तातलं सोडियम धोकादायकरीत्या नव्हे तरी निश्चितपणे कमी झालेलं आढळलं, काहींचं तर फारच.

आणि हो, व्यायामाची सवय झालेल्या माणसाला घाम लवकर आणि जास्त येतो. गर्मीत दहा-बारा दिवस नियमित घाम गाळला की ग्रंथी तरबेज होतात, कमी तापमानालाच कामाला लागतात, मीठही जास्त राखून ठेवतात. तेव्हा शेजारच्याला घाम येत नाही म्हणून तो कामचुकार, हे जसं खरं नाही, तसंच आपल्याला पाचव्या मिनिटाला घाम फुटतो म्हणून आपण बेढब, हेही नाही.

एवढं सगळं माहीत असूनही बेसिनपाशी तोंड उघडत नाही. का? काका पाच आठवड्यांत एकही दिवस चुकलेले नाहीत. त्यांना रोज आणतो तो नऊशेचा आकडा. तो काढून घेतला आणि हातात वीस ग्रॅम ठेवले तर ते उद्या येतील का? खोट्या हिशेबावर उभी असली तरी सवय खरी आहे, आणि पाच आठवड्यांतले ते सगळे वीस-वीस ग्रॅमही खरेच आहेत. दुसरीकडे ते जॅकेट, ते वय, आणि बाटलीकडे हात न जाणं. कारण पाणी प्यायलं तर काटा परत वर जाईल ना! इथेच बहुतेक गप्प बसणं संपायला हवं. चरबीबद्दल काकांना काय वाटायचं ते वाटो. जॅकेट उतरवा आणि पाणी प्या, एवढं तरी सांगावं. काटा हवाच असेल तर सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी रोज बघा, आणि सात दिवसांची सरासरी मागच्या सातांशी ताडून पाहा. एका दिवसाचा किलो-दीड किलोचा चढउतार पाण्याचा असतो. कंबर महिन्यातून दोनदा, बेंबीपाशी, श्वास सोडून, टेप न आवळता. आणि तीच पन्नास मिनिटं त्याच वेगानं चालताना ठोके किती कमी पडायला लागलेत, ते.

मुलगा दुसऱ्या दिवशी खरंच तसलं जॅकेट घालून आला होता. काकांचा कालचा टी-शर्ट खिडकीच्या गजावर वाळून कडक झाला होता; छातीवर आणि काखेत पांढऱ्या रेघा, तेलाचा डाग कुठेच नाही. आदल्या दिवशीचं ते दृश्य पुन्हा डोळ्यांसमोर येतं, तेव्हा त्यात बेसिन दिसत नाही, धारही दिसत नाही. काका दिसतात. “चरबी आहे, चरबी,” असं म्हणताना त्यांना दर दोन शब्दांमागे दम घ्यावा लागत होता.